बिनआवाजाची फेरी

बाईंनी लाल बटण दाबलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. यंत्राने एक लांब सुस्कारा सोडला, दारावरचा हिरवा दिवा विझून पिवळा लागला आणि आत अडकलेली वाफ छताजवळच्या नळीतून फुसफुसत बाहेर पडली. बाईंचा पंजा बटणावरून उठायला तयार नव्हता. दुसऱ्या कुणाचा हात बाजूला करावा तसा त्यांनी तो मागे घेतला आणि अंगातल्या हिरव्या कोटाला पुसला.

मागचं दार धाडकन उघडलं. गळ्यात मोजपट्टी टाकलेली मुलगी उंबऱ्याशीच थांबली, कारण त्याच्या आत विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही हे बाईंनी तिला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं.

"बाई, काय झालं? पाणी एकदम बंद पडलं."

"मी केलं बंद."

"का?"

"पाणी थांबलं होतं म्हणून."

"नाही हो बाई. भरभरून येत होतं. पिंप काठोकाठ आलंय."

बाईंनी यंत्राच्या पायाशी पाहिलं. तिथे जमिनीत एक लोखंडी जाळी होती. एरवी यंत्र चालू असलं की जाडजूड नळातून पाणी धबाधबा त्या जाळीवर कोसळायचं. आज नळाच्या तोंडाला एक काळी रबरी नळी घट्ट बसवलेली होती आणि ती भिंतीच्या भोकातून मागच्या अंगणात गेली होती. काल संध्याकाळी ती बसवताना बाई स्वतः तिथे उभ्या होत्या. "जरा आवाज कमी होईल बाई," असं मुलीने सांगितलं होतं आणि बाईंनी "होऊ दे की, कानाला तेवढाच आराम," असं म्हटलंही होतं. म्हणजे डोक्याला सगळं ठाऊक होतं. हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

या सरकारी दवाखान्यात वापरलेलं प्रत्येक हत्यार, प्रत्येक चिमटा आणि ऑपरेशनची प्रत्येक चादर धुऊन, गठ्ठ्यात बांधून शेवटी बाईंच्या या खोलीत यायची. यंत्र आधी पाण्यावर चालणाऱ्या पंपाने गठ्ठ्यांतली हवा ओढून घेई, मग जंतू मारायला त्यांत कडक वाफ भरी, मग त्यांना कोरडं करी. एका फेरीला पाऊण तास. सव्वीस वर्षं बाई त्या यंत्रासमोर उभ्या होत्या. समोरून सगळे त्यांना 'बाई' म्हणत आणि पाठ फिरली की 'वाफबाई'. हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं, कारण त्या तापट होत्याच.

त्यांचं नाव होतं ते कानासाठी. अकरा वर्षांपूर्वी यंत्राचा दाब दाखवणारा काटा अडकला. काट्याप्रमाणे सगळं आलबेल होतं, पण बाई म्हणाल्या, "पाणी अडखळतंय, थांबवा." इंजिनियरने त्यांना वेड्यात काढलं, मग झाकण खोललं आणि तोंडात बोटं घातली. हवा ओढणारा पंप फाटला होता. ती फेरी तशीच गेली असती तर कच्ची हत्यारं माणसांच्या पोटात गेली असती. तेव्हापासून दवाखान्यात कुणी काट्याकडे बघत नव्हतं, बाईंच्या चेहऱ्याकडे बघत. घरीही हीच तऱ्हा. सासूबाईंच्या खोकल्यावरून बाईंना त्यांचा राग कळायचा, आणि लेक म्हणायची, "आई, तुझ्यापासून काही लपवायचं तर मुकं व्हावं लागेल."

आणि आज त्याच कानाने घात केला होता. पाण्याचा आवाज येत नाही म्हणजे पंप गेला, एवढंच त्याला ठाऊक होतं. बारा मिनिटं बाईंनी कळ काढली. तेराव्या मिनिटाला हात आपला आपण गेला.

"आता फेरी पुढे चालू नाही होणार?" मुलीने विचारलं.

"अर्धवट फेरी पुढे चालू करत नाहीत. गठ्ठे दमट झाले. सगळे सोडायचे, सुक्या कपड्यात पुन्हा बांधायचे, पुन्हा पहिल्यापासून."

मुलीने गळ्यातल्या मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिचं काय पणाला लागलंय ते बाईंना ठाऊक होतं. दवाखान्याचे मोठे साहेब एरवी कुणालाही या यंत्राला हात लावू देत नसत. डिझाइन शिकणाऱ्या या पोरींनी तीन महिने त्यांचा उंबरठा झिजवला तेव्हा कुठे ते कबूल झाले होते, आणि तेही अशा शब्दांत: "एकच फेरी. ती बिनघोर पार पडली तर तुमच्या योजनेचा विचार करू. काही बिघडलं तर नळी काढा आणि घरी जा." वर्गातल्या बाकीच्या मुलामुलींनी कागदी पेल्यांचे, कचऱ्याच्या रंगीत डब्यांचे सोपे विषय घेतले होते. ही मात्र या खोलीत येऊन बसली होती. तिची जोडीदारीण मागे पिंपांवर राखण करत होती.

ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. बाईंनी तो कानापासून वीतभर लांब धरला, तरी सर्जनचा आवाज मुलीला ऐकू गेला. नऊचं ऑपरेशन आता साडेदहाच्या आत होत नव्हतं आणि पेशंट कालपासून उपाशी होता.

"कुणामुळे?" पलीकडून विचारलं गेलं.

बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडचं माणूस स्वतःच म्हणालं, "ती पोरांची नळीच ना? मी आधीच सांगत होतो." आणि फोन आपटला.

बाईंनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. सव्वीस वर्षांच्या नोंदवहीत 'अर्धवट फेरी' या रकान्यात त्यांच्या सहीने एकही ओळ नव्हती. दोष आपल्या पायांनी चालत दुसऱ्याच्या दारात जाऊन बसला होता. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं.

मदतनीस बाईने गठ्ठे सोडायला घेतले. "मी आलेच," म्हणून बाई मागच्या दाराने बाहेर पडल्या. आपण काय बघायला निघालो आहोत हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. या दारातून त्या कधी बाहेर गेल्याच नव्हत्या. तिकडे फक्त भिंत आणि धुलाईघराची मागची बाजू होती.

भिंतीला लागून तीन मोठी निळी पिंपं एका ओळीत उभी होती, बाईंच्या छातीइतकी उंच. जोडीदारीण पहिल्याजवळ उकिडवी बसली होती. बाईंना बघून ती घाईने उठली.

पहिलं पिंप भरलं होतं. एक बोटही जागा उरली नव्हती. सकाळचं ऊन तिरपं येऊन थेट पाण्यात शिरलं होतं आणि तळाशी पडलेला एक खिळा स्पष्ट दिसत होता. इतकं नितळ पाणी. बाईंनी बाही वर करून हात घातला. कोमट होतं. त्यांनी ओंजळ भरली, सोडली, पुन्हा भरली.

"हे कशाचं?" त्यांनी विचारलं, जणू उत्तर दुसरं काही असू शकत होतं.

"आपल्याच फेरीचं, बाई," मुलगी म्हणाली. ती त्यांच्या मागोमाग आली होती. "बारा मिनिटांचं. पंपातून नुसतं फिरून आलेलं. हत्यारांना ते शिवतसुद्धा नाही. धुलाईघराला सहज चालेल."

"आणि ही दोन कशाला?"

"पूर्ण फेरीला लागतील म्हणून आणलीत. मागे मी तुम्हाला विचारलं होतं, एका फेरीला किती पाणी जात असेल? तुम्ही म्हणाला होतात, असेल चार बादल्या."

बाई पिंपाच्या काठाला धरून उभ्या राहिल्या. दिवसाला नऊ फेऱ्या. त्यांनी नऊ वेळा तीन पिंपं डोळ्यांसमोर उभी करून बघितली तर ती या अंगणात मावेनात, फाटकाबाहेर गेली. मग एक महिना. मग एक वर्ष. त्यापुढे त्यांना मोजता येईना. त्यांच्या पायाखालून, रोज, त्यांच्या देखत एक नदी वाहून गेली होती आणि त्या तिचा आवाज ऐकत उभ्या होत्या. घरी नळ ठिबकला तर त्यांना झोप लागत नसे. आणि वरच्या मजल्यांवरचे नळ रोज दुपारी कोरडे पडतात, पेशंटची माणसं बाटल्या घेऊन जिने चढउतार करतात, म्हणून याच बाईंनी प्लंबरशी दोन वेळा कडाक्याचं भांडण केलं होतं. एकदा तर त्याला कामचुकार म्हटलं होतं. गच्चीवरची टाकी एकच होती. सगळ्यांची एकच.

त्यांना लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्याही वर दुसरंच काहीतरी दाटून आलं होतं. एवढं पाणी! किती मोठी गोष्ट होती ही, आणि किती साधी, आणि या विशीतल्या पोरीने नुसती एक नळी लावून ती उजेडात उभी केली होती. बाईंनी ओला हात तसाच गालावर ठेवला.

"तुला कसं गं सुचलं हे?"

"सुचलं नाही बाई. मला फक्त तुमच्या खोलीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. म्हटलं, एवढा कसला आवाज?"

बाई हसल्या. त्या सकाळचं ते पहिलं हसू होतं.

मोठे साहेब खाली आले तेव्हा निम्मे गठ्ठे बांधून झाले होते. साहेब आवाज चढवणारे नव्हते. ते चष्मा काढून पुसत आणि त्यावरूनच समोरच्याला आपलं काही खरं नाही हे कळे.

"बाई, सर्जनचा फोन होता. यांच्या नळीमुळे फेरी बंद पडली म्हणे."

"नाही सर. फेरी मी बंद केली. नळी बरोबर होती, यंत्र बरोबर होतं. माझे कान चुकले."

साहेबांचा हात चष्म्यावर थांबला. त्यांनी बाईंच्या तोंडून असलं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. मदतनीस बाईच्या हातातली गाठही अर्धवट राहिली.

"तसं नाही सर," मुलगी मध्येच म्हणाली. "चूक आमच्या नळीची आहे."

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या.

"नाही बाई, बोलू दे मला. सर, बाई यंत्र आवाजावर चालवतात हे मला तीन महिन्यांत दिसायला हवं होतं. मी पाण्याकडे बघत बसले. आवाज ही गळती आहे असं समजले आणि बंद करून टाकला. बाईंच्या हातातलं हत्यार मी विचारल्याशिवाय काढून घेतलं. मग त्यांनी बटण दाबलं नसतं तरच नवल."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आळीपाळीने दोघींकडे बघितलं. "या दवाखान्यात एका चुकीला दोन मालक मी पहिल्यांदाच बघतोय. एरवी एकही मिळत नाही." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "बरं. पेशंट खोळंबलाय. फेरी लगेच लावा. नळी काढून."

"काढते," मुलगी म्हणाली आणि लगेच खाली वाकलीसुद्धा. पाना तिच्या खिशातच होता. एकदाच मिळणार असलेली फेरी ती आपल्या हाताने सोडून देत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्हाला ऐकू येणार नाही."

"मला डोळेही आहेत. सर, नळीसकट लावते. नोंदवहीत माझी सही राहील. काही झालं तर जाब मला विचारा."

"खात्री आहे?"

"पिंप बघून या सर, मागे आहे. मग विचारा."

साहेब गेले नाहीत. ते दाराशी हात बांधून उभे राहिले. गठ्ठे आत गेले, जड दार फिरवून बंद झालं, हिरवा दिवा लागला. बाईंनी ड्रॉवरमधून चष्मा काढला आणि काट्यासमोर उभ्या राहिल्या, नव्याने कामाला लागलेल्या मुलीसारख्या ताठ.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. काटा खाली सरकत होता, पण तो खरं सांगतोय की अकरा वर्षांपूर्वीसारखा अडकलाय, हे विचारायला बाईंजवळ कुणी नव्हतं. दोन मिनिटं गेली. त्यांच्या उजव्या हाताची बोटं चाळवली. त्यांनी तो हात काखेत दाबून धरला.

मुलीने ते बघितलं. ती वही-पेन्सिल घेऊन त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"बाई, आत्ता, या घटकेला, तुम्हाला काय ऐकू आलं असतं?"

बाईंनी चमकून तिच्याकडे बघितलं. कान चांगला म्हणून त्यांचं कौतुक पुष्कळांनी केलं होतं. त्या कानाला नेमकं काय ऐकू येतं हे सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, घरच्यांनीही नाही.

"आत्ता ना," त्या म्हणाल्या, "आधी एक घोट घेतं ते. मोठा. डुबुक् असा. मग भसाभसा सुटतं. म्हणजे..." त्या थांबल्या. दाराशी साहेब होते. पण शब्दांत ते मावत नव्हतं. बाईंनी गाल फुगवले आणि ओठांतून आवाज काढला. घळळळ, घळळळ. मग तो बारीक केला. "असं बारीक व्हायला लागलं की समजायचं, हवा संपत आली. आता गुळण्या करेल. तीन. आणि मग चूप."

त्यांनी घशात तीन गुळण्या केल्या आणि थांबल्या. काटा त्याच क्षणी थांबला.

मुलीची वहीवर टेकलेली पेन्सिल तिथेच राहिली.

"आता वाफ येणार," बाई म्हणाल्या. "वाफेचा आवाज नसतो, तिची नुसती चाहूल असते. सळसळ. कुणी शेजारच्या खोलीत कापडाची घडी मोडली तर येते तेवढी." त्यांनी जिभेच्या टोकाने तो आवाज काढला, आणि काटा वर चढू लागला. पुन्हा घोट, पुन्हा घळघळ, पुन्हा गुळण्या. बाई कधी काट्याच्या बरोबर होत्या, कधी त्याच्या चुटकीभर आधी. त्यांना आता काटा दिसतही नव्हता. डोळे मिटले होते. नाकावर माशी बसू न देणारी ती बाई गाल फुगवून, मान हलवून, एका मुक्या यंत्राला आपला गळा देत होती. कुणीही हसलं नाही. साहेबांनी दाराशी बांधलेले हात केव्हा खाली सोडले हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

पाऊण तासाने दार उघडलं. गठ्ठ्यांवरच्या पट्ट्यांच्या रेघा काळ्याकुळकुळीत झाल्या होत्या. म्हणजे वाफ नीट लागली होती. मदतनीस बाई गठ्ठे गाडीवर घालून थिएटरकडे पळाली. पहिलं पिंप मधल्या वेळात धुलाईघरात रिकामं करून घेतलेली जोडीदारीण मागच्या अंगणातून ओरडली, "तिन्ही भरली!" बाईंनी नोंदवही ओढली, पहिल्या फेरीपुढच्या मोकळ्या रकान्यात 'अर्धवट, माझ्या हातून' असं लिहिलं, त्याखाली दुसरी फेरी लिहिली आणि दोन्हींपुढे सही केली.

मान वर करून बघतात तर मुलगी जमिनीवर बसून पाना फिरवत होती. नळी निम्मी सुटली होती.

"अगं, पास झालीस की! काढतेस कशाला?"

"झालेली नाही, बाई. पाणी वाचवायचं मला जमलं. पण त्यातलं तुम्ही जे ऐकता ते तुम्हाला परत मिळेपर्यंत ही नळी इथे लावायची नाही. एखाद्या दिवशी काटा परत अडकला तर?" तिने नळी गुंडाळून खांद्यावर टाकली. तोंडाला नळीचं काळं लागलं होतं, पण डोळे चमकत होते. "ते सगळं मला शिकावं लागेल. घोट, गुळण्या, सगळं. मग बघू, त्यातलं कुठलं बारीकसं पाणी मोकळं ठेवलं की तुम्हाला पुरेल ते."

आणि मग ती साहेबांकडे वळली. तिची एक फेरी संपली होती. विचारायला तोंड नव्हतं, म्हणून ती नुसती उभी राहिली.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी बाईंकडे बघितलं.

बाईंनी चष्मा उतरवून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"उद्या पहिली फेरी साडेसातची," त्या मुलीला म्हणाल्या. "वेळेवर ये. उशीर केलास तर पहिला घोट चुकेल."